इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजीची मास्टर्स: कोर्सवर्कमध्ये नेमकं काय करावं लागतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड, परभणीकडची बी.एड. करणारी मुलं-मुली, जिल्हा परिषदेचे शिक्षक आणि इंजिनिअरिंग करून शिकवण्याकडे वळू पाहणारे काही जण हे प्रश्न फिरून फिरून विचारतात. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहे. अमेरिकेतल्या पदवीबद्दल बोलतो आहे की महाराष्ट्रातल्या, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगितलं आहे. सगळा गोंधळ तिथेच होतो.

हा विषय म्हणजे कॉम्प्युटर शिकवायचं शिक्षण का?

नाही. हे शिकवण्याची आखणी करायचं शिक्षण आहे. कोणाला शिकवायचं, काय शिकवायचं, कोणत्या क्रमाने, कोणत्या साधनाने, आणि शेवटी ते शिकले की नाही हे कसं तपासायचं, एवढा सगळा पसारा यात येतो. साधन मोबाइल असेल, रेडिओ असेल, नाहीतर खडू-फळा. अमेरिकेत या क्षेत्राची जुनी संघटना आहे, असोसिएशन फॉर एज्युकेशनल कम्युनिकेशन्स अँड टेक्नॉलॉजी. तिची मुळं १९२३ पर्यंत जातात. तेव्हा कॉम्प्युटर नव्हताच. चित्रं, स्लाइड आणि मूकपट वर्गात कसे वापरायचे यावर काम चालायचं.

नावावर जाऊ नका. एकाच धाटणीच्या पदवीला कुठे एज्युकेशनल टेक्नॉलॉजी म्हणतात, कुठे लर्निंग डिझाइन, कुठे इन्स्ट्रक्शनल डिझाइन अँड टेक्नॉलॉजी. विषयांची यादी उघडून बघा. त्यात नुसती सॉफ्टवेअरची नावं दिसत असतील तर माझं मत सरळ आहे: तिथे पैसे घालू नका. सॉफ्टवेअर शिकायला पदव्युत्तर पदवी लागत नाही, यूट्यूब पुरतं.

एकूण किती क्रेडिट करावे लागतात?

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी ३० ते ३६. एक विषय साधारण ३ क्रेडिटचा, म्हणजे पदवीभर १० ते १२ विषय. पूर्णवेळ विद्यार्थी एका सत्रात ९ क्रेडिट, म्हणजे तीन विषय घेतो. उन्हाळी सत्र धरलं तर दीड वर्षात मोकळा होतो, नाहीतर दोन वर्षं.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणानंतर शासनाने ठरवून दिलेल्या आराखड्यात दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८८ क्रेडिटची आहे. चार सत्रं, प्रत्येकी २२. त्यात मुख्य विषयाचे अनिवार्य ५४, ऐच्छिक १६, संशोधन पद्धतीचे ४, प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणाचे किंवा क्षेत्रकार्याचे ४ आणि संशोधन प्रकल्पाचे १० अशी विभागणी आहे. पहिल्या वर्षाचे ४४ क्रेडिट करून बाहेर पडलात तर पदव्युत्तर पदविका मिळते. एम.एड.चं गणित वेगळं. ते एनसीटीईच्या (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या) २०१४ च्या विनियमांनुसार चालतं आणि ८० क्रेडिटचं असतं.

आपल्याकडे ८८ आणि तिकडे ३६? मग तिकडची पदवी सोपी म्हणायची का?

हा प्रश्न ऐकला की मला हसू येतं, कारण तिकडे गेलेली मुलं पहिल्याच महिन्यात उलटं विचारतात: तीनच विषय आहेत, तरी झोप का होत नाही?

क्रेडिट मोजायची पद्धतच वेगळी आहे. आपल्याकडे तासिकांवर भर असतो. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तासिका, प्रात्यक्षिकाचा असेल तर ३० तास. अमेरिकेत एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याशिवाय किमान दोन तास घरचं काम धरलेलं असतं. म्हणजे ९ क्रेडिटला आठवड्याचे किमान २७ तास झाले, आणि मास्टर्सच्या वाचनाला ते पुरत नाहीत. दर आठवड्याला दोन-तीन शोधनिबंध वाचायचे, त्यावर लिहायचं, दुसऱ्याच्या कामावर अभिप्राय द्यायचा. शेवटच्या पंधरा दिवसांत गाईड घोकून पेपर काढायची सोय तिथे नाही, कारण कित्येक विषयांना लेखी पेपरच नसतो. मार्क सत्रभर जमवायचे असतात.

अनिवार्य विषय कोणते असतात?

नावं बदलतात, गाभा तोच. अध्ययनाचे सिद्धांत, अध्यापन आराखडा, मल्टिमीडिया निर्मिती, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण, मूल्यमापन आणि संशोधन पद्धती. बऱ्याच ठिकाणी यात प्रकल्प व्यवस्थापनाची भर असते.

अध्ययनाचे सिद्धांत बी.एड. झालेल्यांना ओळखीचे वाटतात: वर्तनवाद, बोधात्मकवाद, ज्ञानरचनावाद. फरक एवढाच की इथे व्याख्या लिहून भागत नाही. तुमच्या धड्यातली ही कृती याच क्रमाने का ठेवली, हे सिद्धांताच्या आधाराने पटवून द्यावं लागतं.

खरी कसोटी अध्यापन आराखड्याच्या विषयात लागते. १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात अमेरिकन सैन्याच्या प्रशिक्षणासाठी जी पद्धत बसवली, तिच्यातून आलेले पाच टप्पे आज अ‍ॅडी या नावाने सगळीकडे शिकवतात: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. पाठ करायला पाच मिनिटं पुरतात. करायला बसलं की पहिल्याच टप्प्यावर घाम फुटतो.

आपल्याकडचंच घ्या. धारूर-वडवणीकडच्या एखाद्या शाळेत सहावीतल्या काही लेकरांना हातच्याची वजाबाकी येत नाही. नवखा माणूस म्हणतो, छान व्हिडिओ करू. विश्लेषण करणारा आधी हजेरीपट मागवतो. त्यात दिसतं की दिवाळीनंतर आईबाप कोयत्यावर गेले की ही लेकरं पार उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत शाळेत नसतात. घरातला एकुलता एक फोन बापाबरोबर उसाच्या फडात जातो. मग तुमचा व्हिडिओ बघणार कोण, आणि कशावर? मग हंगामी वसतिगृहात राहिलेल्या मुलांसाठी सायंकाळचा अर्ध्या तासाचा आखीव सराव, सोबत गेलेल्यांसाठी छापील कार्डांचा संच आणि परत आल्यावर नेमकं काय राहिलं ते सांगणारी छोटी चाचणी, असा आराखडा निघतो. त्यात एकही अ‍ॅप नाही, आणि तरी या विषयात याला पैकीच्या पैकी मार्क मिळू शकतात.

दुसरी अडचण उद्दिष्टांची. 'विद्यार्थ्यांना अपूर्णांक समजतील' असं लिहिलं की प्राध्यापक कागद परत करतात. समजले हे दिसणार कसं? रॉबर्ट मेगरने १९६२ मध्ये मांडलेला दंडक अजून वापरतात: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती अचूक. मग वाक्य असं होतं: 'वेगवेगळ्या छेदांच्या दोन अपूर्णांकांपैकी मोठा कोणता हे विद्यार्थी पट्टीचं चित्र काढून दाखवतील, दहापैकी आठ वेळा बरोबर.' आपली रोजच्या टाचणातली वाक्यं या चाळणीतून काढून बघा, निम्मी गळतील.

मल्टिमीडियाच्या विषयात काय करून घेतात?

स्टोरीबोर्ड. तीन मिनिटांच्या व्हिडिओला आधी कागदावर तक्ता करायचा: पडद्यावर काय दिसेल, मागे काय ऐकू येईल, बघणाऱ्याने काय करायचं. तिसरा रकाना रिकामा राहिला की शिक्षक तिथेच बोट ठेवतात.

रिचर्ड मेयर यांचं संशोधन इथे हमखास असतं. त्यांचा एक निष्कर्ष आपल्या प्रत्येक प्रशिक्षणात मोडला जातो: चित्र आणि आवाज सोबत असताना तेच वाक्य पडद्यावरही लिहून दाखवलं तर शिकणं वाढत नाही, उलट अडखळतं. पीपीटीवरची ओळन् ओळ वाचून दाखवणारे तज्ज्ञ मार्गदर्शक आठवा. अर्थात ऐकू न येणाऱ्यांसाठी, किंवा भाषा नवी असलेल्यांसाठी उपशीर्षकं लागतातच, आणि ही सुगमतेची बाजूही याच विषयात शिकवतात.

मूल्यमापन म्हणजे परीक्षा घेणंच ना?

त्याहून बरंच काही. तुम्ही जे प्रशिक्षण दिलं त्याचं मोजमाप करायचं असतं. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांच्या १९५९ पासून चालत आलेल्या चार पायऱ्या पायाभूत धरतात: आवडलं का, शिकले का, कामात वापरलं का, आणि त्यातून फरक पडला का. गटसाधन केंद्रातल्या प्रशिक्षणात शेवटच्या तासाला अभिप्रायाचा कागद फिरतो, सगळे 'उत्तम' वर खूण करून एसटी गाठतात. ती पहिली पायरी झाली. तिसऱ्या पायरीसाठी दोन महिन्यांनी वर्गात जाऊन बघावं लागतं, आणि कोर्सवर्कमध्ये तुम्हाला तेच करायला लावतात.

प्रोग्रामिंग यायलाच हवं का?

नाही. थोडं एचटीएमएल, मूडलसारखी शिक्षण व्यवस्थापन प्रणाली आणि एखादं ई-लर्निंग बनवायचं सॉफ्टवेअर, एवढं वाटेत शिकता येतं. इंजिनिअर मंडळींना हे सोपं जातं, पण सिद्धांताचं लिखाण करताना तीच मंडळी मागे पडतात.

सांख्यिकीची भीती वाटते. टाळता येईल का?

पूर्ण टाळता येत नाही. मध्यमान, प्रमाण विचलन, टी-चाचणी, सहसंबंध एवढं कळलं पाहिजे. प्रबंध घेतला तर याहून जास्त लागेल. पोर्टफोलिओचा, म्हणजे केलेल्या कामाच्या संग्रहाचा मार्ग घेतलात तर संशोधन वाचता येणं पुरतं. बी.एड.ला ज्यांनी कृतिसंशोधन मनापासून केलं त्यांना हा विषय जड जात नाही. ज्यांनी ते मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलं, त्यांनी आता खरं करून बघावं.

ऐच्छिक विषय निवडताना काय बघायचं?

पुढे काम कुठे करायचंय ते. कंपनीत प्रशिक्षण विभागात जायचं तर कार्यक्षमता सुधारणा आणि प्रकल्प व्यवस्थापन, विद्यापीठात तर ऑनलाइन कोर्सची रचना, शाळेत तर तंत्रज्ञानाचा वर्गातला वापर. गेम, लर्निंग अ‍ॅनालिटिक्स (शिकणाऱ्यांच्या नोंदींचं विश्लेषण) आणि एआय यांच्याकडे सध्या ओढा आहे. एखादा जरूर घ्या, सगळे नको.

एक सावधगिरी. अमेरिकेत काही ठिकाणी शाळेतल्या तंत्रज्ञान समन्वयकाच्या परवान्यासाठी वेगळी शाखा असते. तिला त्या राज्याचा शिक्षक परवाना आणि तिथल्या शाळेतलं प्रत्यक्ष काम लागतं. भारतातून जाणाऱ्याने ती शाखा चुकून निवडू नये.

शेवटी प्रबंध असतो की प्रकल्प?

तीन वाटा असतात: लघुशोधप्रबंध, कॅपस्टोन (म्हणजे शेवटचा मोठा) प्रकल्प, पोर्टफोलिओ. काही ठिकाणी याऐवजी किंवा याशिवाय सर्वसमावेशक परीक्षा असते. पीएचडी करायची असेल तर डोळे झाकून प्रबंध घ्या. नोकरी करायची असेल तर पोर्टफोलिओ. पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांत मुलाखतीला पहिला प्रश्न 'काम दाखवा' असा येतो, मार्कमेमो नंतर बघतात.

पोर्टफोलिओत नुसते सुंदर व्हिडिओ नकोत. गरजेचं विश्लेषण कसं केलं, पहिला मसुदा कसा होता, मुलांवर वापरून पाहिल्यावर काय बदललं, हे सगळं दिसायला हवं. त्यासाठी पहिल्या सत्रापासून प्रत्येक मसुदा तारखेसह जपून ठेवा. शेवटच्या सत्रात हे गोळा करायला बसलेल्यांचे हाल बघवत नाहीत.

आपल्या शाळेत काम करून ते प्रकल्पात वापरायचं असेल तर पालकांची लेखी संमती घ्या. मुलांवर संशोधन करायचं म्हटलं की अमेरिकेत विद्यापीठाच्या नैतिकता समितीची परवानगी आधी लागते. माहिती गोळा करून झाल्यावर मागितलेली परवानगी चालत नाही.

पास व्हायला किती मार्क लागतात?

आपल्याला चाळीसची सवय. अमेरिकेत मास्टर्सला सरासरी 'बी', म्हणजे ४ पैकी ३.० राखावी लागते. एखाददुसरा 'सी' कुठे चालतो, कुठे तो विषय परत करावा लागतो. सरासरी खाली गेली की विद्यापीठ आधी ताकीद देतं, आणि सुधारणा झाली नाही तर नाव काढतं. एटीकेटीसारखं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. दुसऱ्याचा मजकूर उतरवणं तिथे फार गंभीर मानतात; संदर्भ न देता घेतलेला एक परिच्छेदही भारी पडतो.

माझं बी.ए. तीन वर्षांचं आहे. प्रवेश मिळेल का?

पदवीची शाखा कोणतीही चालते. तीन वर्षांची पदवी मात्र अमेरिकेतली काही विद्यापीठं चार वर्षांच्या बरोबरीची मानत नाहीत. तीन वर्षांच्या बी.ए.वर दोन वर्षांचं बी.एड. असेल तर अडचण बरीच कमी होते. अर्जाआधी विभागाला ईमेल करून विचारा. जीआरई ही प्रवेश परीक्षा आता पुष्कळ ठिकाणी मागत नाहीत. इंग्रजीसाठी टोफेल किंवा आयईएलटीएस लागतं.

घरबसल्या ऑनलाइन करता येते का?

अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांची ही पदवी पूर्ण ऑनलाइन आहे. पण पूर्ण ऑनलाइन पदवीवर विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. व्हिसावर गेलात तर पूर्णवेळ हजेरीत एका सत्रात एकच ऑनलाइन विषय, म्हणजे ३ क्रेडिट धरले जातात.

घरून करणार असाल तर वर्गाची वेळ विचारा. न्यूयॉर्कच्या वेळेने संध्याकाळी ७ चा लाइव्ह वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे पहाटे ४:३० ला आणि हिवाळ्यात ५:३० ला पडतो. रेकॉर्डिंग बघून चालत असेल तर उत्तम. नसेल तर लाइट आणि नेटची बेगमी आधी करा, कारण गटात बोलायचे मार्क असतात आणि 'लाइन गेली होती' हे तिसऱ्या वेळी कोणी ऐकून घेत नाही.

सरकारी नोकरी किंवा पदोन्नतीसाठी पदवी वापरायची असेल तर समकक्षतेचा प्रश्न येतो. पूर्वी हे काम भारतीय विद्यापीठ संघ बघायचा. एप्रिल २०२५ मध्ये यूजीसीने परदेशी पदव्यांच्या समकक्षतेचे नवे विनियम आणले. फी भरण्याआधी ते वाचा.

ही पदवी स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) मोडते का?

एज्युकेशनल/इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजीचा अभ्यासक्रम कोड १३.०५०१ अमेरिकेच्या स्टेम यादीत आहे. पण प्रत्येक विद्यापीठ आपल्या पदवीला तोच कोड देत नाही. कोणी अभ्यासक्रम व अध्यापन या गटातला कोड लावतं, मग शिक्षणानंतर काम करायची १२ महिन्यांवरची २४ महिन्यांची मुदतवाढ मिळत नाही. नाव काहीही असो, विद्यापीठ व्हिसासाठी देतं त्या आय-२० या कागदावर कोणता कोड छापला आहे तेच खरं.

स्वयमवर (केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या मंचावर) केलेले कोर्स धरतात का?

भारतात हो. यूजीसीच्या २०२१ च्या विनियमांनुसार विद्यापीठ एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट स्वयमचे मान्य करू शकतं. 'करू शकतं' याकडे लक्ष द्या. आधी विभागप्रमुखांची मंजुरी, मग नोंदणी. क्रेडिट अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा होतात. अमेरिकेत दुसरीकडचे साधारण ६ ते ९ क्रेडिट घेतात, तेही पदव्युत्तर पातळीचे आणि 'बी' किंवा त्याहून वरचे. स्वयम प्रमाणपत्र तिथे क्रेडिट म्हणून धरून चालू नका.

मी जि.प. शाळेत आहे. नोकरी सांभाळून जमेल का?

सत्राला एक किंवा दोन विषय घेतले तर जमतं. अमेरिकेत पदवी पूर्ण करायला साधारण पाच ते सात वर्षांची मुदत असते. उच्च शिक्षणाची पूर्वपरवानगी मात्र प्रवेशाआधी घ्या. गटशिक्षणाधिकारी कार्यालयातून प्रस्ताव वर जायला किती वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको. आवक क्रमांक टाकलेली प्रत स्वतःकडे ठेवा.

या पदवीवर शाळेत शिक्षक होता येतं का?

नाही. शिक्षक भरतीला डी.एल.एड. किंवा बी.एड. लागतंच, आणि पहिली ते आठवीसाठी टीईटीही. ही पदवी त्यांची जागा घेत नाही.

मराठवाड्यात कुठे शिकता येईल?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ १९९४ चं. दोन्हीकडे शिक्षणशास्त्र शिकता येतं, आणि हा विषय बहुतेकांना एम.एड. किंवा एम.ए. शिक्षणशास्त्रातले एक-दोन पेपर म्हणूनच भेटतो. तेवढ्यावर थांबायचं कारण नाही. लघुशोधप्रबंध याच विषयावर घ्या, ऐच्छिक आणि प्रकल्पाचे क्रेडिट इकडे वळवा. स्वतंत्र विभाग हवा असेल तर मुलींसाठी मुंबईचं एसएनडीटी महिला विद्यापीठ आहे. आयआयटी मुंबईत एज्युकेशनल टेक्नॉलॉजीत पीएचडी होते. इग्नूची दूरशिक्षणातली एम.ए. जवळचा विषय आहे.

असाइनमेंट मराठीतून देता येतात का?

आपल्या विद्यापीठांत शिक्षणशास्त्राला मराठी माध्यम चालतं. तुमच्या विभागाचा नियम बघून घ्या. अमेरिकेत लिखाण इंग्रजीतच, पण तुम्ही बनवलेला धडा मराठीत असायला सहसा हरकत नसते. सोबत इंग्रजी उपशीर्षकं आणि टिपण द्यावं लागतं. मी तर मराठीतच करा म्हणेन. वापरून बघायला खरी मुलं हाताशी असतात, आणि चौथीतल्या पोराने तोंडावर 'हे कळंना' म्हटलं की धड्यात काय चुकलं ते लगेच सापडतं.

लॅपटॉप कसला घ्यावा?

१६ जीबी रॅम, एसएसडी, बरा माइक. व्हिडिओ एडिटिंग जास्त करणार असाल तरच वेगळं ग्राफिक कार्ड. उरलेल्या पैशात एक साधा, स्वस्त अँड्रॉइड फोन घ्या आणि बनवलेलं सगळं आधी त्यावर चालवून बघा, कारण तुमचे विद्यार्थी तसल्याच फोनवर बघणार आहेत.